आत्तीनं खाल्लेला ऊस

आत्ती गेल्याचा फोन सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरी सकाळी आला. पलीकडून चुलतभाऊ म्हणाला, "भोळी बाई गेली बघ." पुढचे दहा-बारा दिवस जो तो हेच म्हणत होता... साधी, भोळी, देवमाणूस. मी मान डोलावत राहिलो आणि आतून चिडत राहिलो. माझी आत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, भोळी नव्हती. ती हट्टी होती, फटकळ होती आणि वेळ पडली तर धडधडीत खोटं बोलायची. तिच्याबद्दल लिहायचंच तर खरं लिहावं, म्हणून हे.

रहिमतपूरजवळ त्यांचं उसाचं रान. मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, उसाच्या बाबतीत कुणाला हार जाणारे नव्हते. एकुलत्या एका दिलीपनं साखर कारखान्याच्या कामाचं शिक्षण घेतलं आणि घरी न विचारता थेट केनियातल्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा मामांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. पाच वर्षं. दिलीपचं पत्र आलं की आत्ती ते मुद्दाम मोठ्यानं वाचायची आणि मामा उठून गोठ्यात जायचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दिलीपनं आईला तिकडं बोलावून घेतलं. त्यानं क्वार्टरमागं ऊस लावलाय, हे पत्रांतून मामांच्या कानावर गेलेलं होतंच. ती निघताना ते एवढंच म्हणाले, "त्याच्या हातचा ऊस घिऊन ये. चावून बघतो, मग ठरवतो बोलायचं का न्हाई ते." आत्ती दोन महिने तिकडं राहिली, ती हे वाक्य पदराला बांधूनच.

तिला आणायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो. सगळे उतारू बाहेर आले तरी ही येईना. शेवटी एक शिपाई विचारत आला, "रहिमतपूरच्या बाईंचं कोणी आहे का?" आत गेलो तर टेबलावर आत्तीचं लुगडं पसरलेलं आणि त्यावर ओल्या फडक्यातून काढलेली उसाची तीन कांडी. तपासणारे साहेब मराठीच होते. "मावशी, साताऱ्याकडं ऊस नेताय?" मागची रांग हसली. आत्ती हसली नाही. बाहेरच्या उसाबरोबर रोग येतो, म्हणून तो आत सोडता येत नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. त्यांचं चुकत नव्हतं, हे आज कबूल करतो.

"मग पेरावरचं डोळं काढून घ्या," आत्ती म्हणाली. "डोळ्याबिगर ऊस लागंल कसा? द्या इळा, मीच काढून देती."

साहेब नाही म्हणाले. मी हळूच म्हणालो, "आत्ती, सोड की. लोक बघतायत." त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. एक कांडं उचललं, आपल्या बॅगेवर बसली आणि दातानं सोलायला लागली. साठीच्या बाईचे दात!

"अहो बाई, हे काय करताय?"

"खाती. न्यायचा न्हाई म्हनला, खायचा न्हाई कवा म्हनला?"

अख्खं कांडं तिनं सावकाश चावून संपवलं, चोथा ओंजळीत गोळा केला आणि साहेबांसमोर टेबलावर ठेवला. "ह्यो करा जप्त." उरलेली दोन कांडी गेलीच. परतीच्या एसटीत मी तिला चव विचारली, तर झोप येतेय म्हणून तिनं डोळे मिटले.

मामा घराच्या पुढच्या सोप्यात वाटच बघत होते. "ऊस कुठाय?"

"सरकारनं घेतला. पर मी खाऊन आलीया."

"कसा हुता?"

"तुमच्या रानातल्यापरास गोड."

मामांच्या हातातला चहा तसाच राहिला. "खोटं बोलतीस."

"आवं, मग इचारा की पोराला!"

त्याच संध्याकाळी मामा रहिमतपुरात फोनच्या बूथवर जाऊन उभे राहिले. पाच वर्षांनी लेकाशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दिल्या, तुझी आई खरं बोलतीया का?" तिथून जे भांडण लागलं, ते दर रविवारी नव्यानं सुरू व्हायचं... कुणाचा ऊस गोड. पुढं घरातच फोन आला. बाप-लेक तावातावानं बोलत असायचे आणि आत्ती शेजारी सूप घेऊन शेंगा सोलत असायची.

शेवटच्या आठवड्यात सांगलीच्या दवाखान्यात तिनं मला जवळ बोलावलं. "पाणचट हुता रं त्यो ऊस. निस्तं पानी." आणि हसली... दम लागेपर्यंत हसली. मामांना सांगू का, असं मी विचारलं. "मी गेल्यावर सांग. जित्तेपणी त्यास्नी जिंकू देणार न्हाई."

हे ज्या रविवारच्या पुरवणीत छापून येणार आहे, ती मामा सोप्यात बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. शेजारचं शेंगांचं सूप त्यांनी अजून कुणाला हलवू दिलेलं नाही. मामा, तुम्ही जिंकलात. दिलीपचा फोन आला की त्यालाही सांगा. पण आत्ती हरली, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.