गाडीला लावलेला कूलर

आमची गाडी म्हातारी झाली आहे हे मी कुणाला सांगत नाही, ती स्वतःच सांगते. चौकात थांबली की खोकते, उड्डाणपुलावर धापा टाकते आणि उन्हाळ्यात तर अंगणातून निघतानाच कुरकुर करते. टर्बोवाली, चारही चाकांनी ओढणारी ही गाडी मी घेतली तीच जुनी. तेव्हा नागपूरच्या कडेला, हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळी माती अशी धरायची की लोक आपल्या गाड्या नाक्यावर सोडून, चपला हातात घेऊन घरी यायचे. माझी गाडी तेवढी दारापर्यंत यायची. त्या दिवसांत शेजारी मला मान देत. आता सगळीकडे सिमेंटचे रस्ते झाले आणि तेच शेजारी विचारतात, "अजून विकली नाई का गा?"

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला वय असतं हे कुणी सांगत नाही. तरुणपणी मी तिचा सायलेन्सर बदलला, टर्बोचा दाब वाढवला, स्प्रिंगा बदलून तिला उंच केलं. आता गाडीखाली शिरायचं म्हटलं की आधी कंबरेची परवानगी घ्यावी लागते. सुटे भाग मिळत नाहीत, मिस्त्री बोनेट उघडून पुन्हा लावतात आणि चहाला बसतात. म्हणून सगळं घरीच, रविवारी, पोर्चमध्ये. खरं सांगायचं तर मला तिचा वीट आला आहे. केव्हाच विकली असती. राहिली ती बाबांमुळे.

बाबांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात गेली, तापलेलं पाणी उंचावरून पाडून गार करणाऱ्या कूलिंग टॉवरवर. निवृत्तीनंतरही आई आणि ते तिकडेच राहत होते. आई गेली आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो. ते आले, खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. जेवायला हाक मारली की येत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत आणि पुन्हा जाऊन निजत. जुने सोबती भेटायला आले तरी "बसा" म्हणून डोळे मिटून घेत. बायकोने मुद्दाम भिवापुरी मिरच्यांचा ठेचा केला. "चांगला आहे," म्हणाले आणि अर्धी भाकर ताटात ठेवून उठले. हा माणूस असाच, कुणाला त्रास न देता, एक दिवस संपून जाईल अशी मला भीती वाटायची. ती भीती घेऊन मी ऑफिसला जायचो आणि तीच घेऊन परत यायचो.

एप्रिल महिन्यातला रविवार होता. मी बोनेट उघडून स्वतःशीच चरफडत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राहिला?"

बाबा बनियनवर पोर्चमध्ये येऊन उभे होते. न बोलावता. मी घाईघाईने सांगायला लागलो, जणू थांबलो तर ते परत जातील. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबते, दाबली की हवा तापते, तिला गार करायला ही समोरची जाळी असते, आणि आपल्याकडच्या उन्हात ती जाळी स्वतःच इतकी तापते की गाडीत दम राहत नाही. बाबांनी जाळीला तळहात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला.

"मंग याच्यावर पाणी काहून मारत नाईस?"

नागपूरच्या माणसाकडे उन्हाला एकच उत्तर असतं. खोली तापली, कूलर लाव. लग्नाचा मांडव तापला, कूलर लाव. दुकानदार गिऱ्हाइकाआधी कूलरचं पाणी बघतो. त्यात बाबांचा सगळा जन्म पडत्या पाण्याखाली गेलेला. ही गाडी आहे, बैठकीची खोली नव्हे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण ते उभे होते. भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "मारून पाहू."

पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले. बाबांनी आमच्या जुन्या कूलरची पाणी पसरवणारी नळी काढली आणि तापवलेल्या सुईने तिला आणखी भोकं पाडली. बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर मी आणली. डिकीत पाण्याचा कॅन बसवला, डॅशबोर्डवर एक बटण. तिरकी लागली, सरळ कर, पाणी डावीकडे जास्त पडून राहिलं, असं म्हणत ते मला राबवून घेत. कॅनमध्ये पाणी ते स्वतः भरत, अंगणातल्या बोअरच्या नळाने. बायको चहा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायची, "जाऊ द्या. बोलून तं राहिले."

पहिल्यांदा भर दुपारी गाडी काढली, बटण दाबलं, आणि उड्डाणपुलावर ती खरंच धाप न टाकता चढली. बाबा शेजारी बसून होते. रात्री त्यांनी पूर्ण भाकर खाल्ली. त्या भाकरीसाठी मी गाडीला नदीत घालायलाही तयार होतो.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत असंच चाललं. मग गाडी पुन्हा दमायला लागली, आता पाणी मारूनही. वेग घेतला की समोरून बारीक शिट्टी वाजायची. एकदा बाबा दवाखान्यात तपासणीला गेले असताना मी जाळी खोलून बाहेर काढली आणि खालीच बसलो. बारीक पात्यांच्या सगळ्या फटी पांढऱ्या क्षाराने बुजल्या होत्या. बोअरचं पाणी आमच्या बादल्यांना आणि कूलरच्या गवताला जे करतं, तेच त्याने इथे केलं होतं. तापलेल्या जाळीवर पाणी उडून गेलं आणि क्षार तेवढा मागे राहिला. खापरखेड्याला टॉवरवर पाणी साफ होऊनच यायचं, ते काम दुसऱ्या विभागाचं. बाबांना पाणी नुसतं पडताना माहीत होतं. जाळी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली, ब्रशने घासली. क्षार जेमतेम एका कोपऱ्यात निघाला आणि त्याखालचं खाल्लेलं ॲल्युमिनियम दिसलं. त्याला पडलेल्या बारीक भोकांतून हवा सुटत होती, शिट्टी तिथूनच येत होती.

हे त्यांना कसं सांगायचं? एवढ्या काळात या माणसाने केलेली एकच गोष्ट, आणि तिनेच गाडीची वाट लावली, असं? मी जाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवली. भंगारातून दुसरी शोधून आणली आणि बसवली. बाबांना खोटंच म्हणालो, "नवीन जाळीचा आकार वेगळा आहे, बाबा. आपली नळी बसत नाई त्याच्यावर."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी नळी पुसली, नीट गुंडाळली आणि पोर्चमधल्या खिळ्याला अडकवली.

गाडी बरी झाली. इतकी बरी की शिट्टी गेली, धाप कमी झाली आणि मला रविवार मोकळा मिळाला. त्या रविवारी बाबा खोलीतून आले नाहीत. मी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हणाले, "गाडी तं चांगली आहे न आता." आणि कूस बदलून भिंतीकडे वळले. पुढच्या रविवारीही तेच. ताटात अर्धी भाकर पुन्हा दिसायला लागली. बायकोने ती उचलताना माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी बोनेट उघडलं. जाळीकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला आवळून धरणारी पट्टी असते. तिचा स्क्रू मी पेचकसाने ढिला केला आणि इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर दाबला. फसकन हवा सुटली आणि गाडी ओळखीची खोकली. आधीच थकलेला माणूस चालत्या गाडीला हाताने बिघडवतो, याला काय म्हणावं मला कळत नव्हतं. मी खिडकीशी जाऊन हाक मारली, "बाबा, जरा या न. पुन्हा आवाज येऊन राहिला."

बराच वेळ काही हललं नाही. मग चपला ओढत येण्याचा आवाज आला. बाबा वाकले, पाइपावरून हात फिरवला आणि पट्टीशी थांबले. त्यांनी चष्मा वर करून स्क्रू जवळून पाहिला. बोनेटखालचं सगळं धुळीने भरलेलं आणि स्क्रूची खाच तेवढी चकचकीत.

"हा आजच कोणी फिरवला," ते म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम फार दमल्यासारखं झालं, आणि वाटलं की तेही तितकेच दमलेले आहेत.

"पेचकस दे."

त्यांनी पट्टी घट्ट आवळली, पाइप हलवून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ती जुनी जाळी टाकीमागं काहून लपवली? मी वाळवणाच्या निमित्ताने गच्चीवर गेलो होतो. पांढरी फटक पडली आहे. बोअरचं पाणी मारलं न आपण."

"तुमाले माहीत होतं?"

"पाहिल्यावर माहीत झालं." त्यांनी पेचकस माझ्या हातात परत दिला. "तू सांगितलं असतं तं मी काही मेलो नसतो."

मी बोनेट लावायला हात पुढे केला. त्यांनी तो अडवला.

"राहू दे उघडं. यावेळी फिल्टरचं पाणी मारू. सूनबाईले विचार, पिण्याच्या पाण्यातलं एक कॅन देते का."

स्वयंपाकघराच्या खिडकीत बायको उभी होती. तिने ऐकलं होतं, कारण तिने कपाळाला हात लावला आणि मग फिल्टरच्या नळाखाली कॅन लावल्याचा आवाज आला. मी खिळ्यावरची नळी काढली. बाबा पायरीवर बसून तिच्या क्षाराने बुजलेल्या भोकांत एकेक करून सुई घालत राहिले.