पालमच्या वाटेवर दोन कार्ब्युरेटर

परभणीहून पालमला सकाळी सातची एसटी आहे. शहाण्या माणसाने त्या एसटीने जावे. मी दिगंबरच्या मोटारीने गेलो.

पालमला माझी थोरली बहीण राहते. तिच्या सुमनचे लग्न होते आणि सुमनला मामा एकच, तो म्हणजे मी. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचे आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहायचे, हे मामाचे काम. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. दिवस मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. आज बंद, उद्या रास्ता रोको. दोन दिवस थांबलेल्या एसट्या आदल्या दिवशीच सुटू लागल्या होत्या. "एसटीचा काय भरवसा?" दिगंबर म्हणाला आणि मी मान डोलावली. खरे कारण वेगळे होते. बहिणीच्या नव्या व्याह्यांसमोर मला मोटारीतून उतरायचे होते.

दिगंबर माझा पुण्याचा मित्र, बदलीने परभणीला आलेला; आदल्या रात्री मी त्याच्याकडेच उतरलो होतो. बँकेत अधिकारी, आणि एका जुन्या विलायती मोटारीचा मालक. मालक कसला, पुजारीच. या मोटारीला दोन कार्ब्युरेटर होते आणि हे तो ओळख करून देताना स्वतःच्या नावाआधी सांगे. पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनाला पाजायचे, हे कार्ब्युरेटरचे काम. साध्या गाडीला एक पुरतो. दोन असले की गाडीला जोर येतो, असे तो म्हणे. दोन असले की भानगडीही दोन असतात, हे तो सांगत नसे. हवा गाळणारे डबे त्याने काढून टाकले होते, कारण त्यांच्यामुळे कार्ब्युरेटर नीट दिसत नसत.

आठ वाजता निघालो. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनासाठी थांबलो. मी देवळातून बाहेर येतो तो दिगंबरने बॉनेट उघडून ठेवलेले आणि भोवती पंधरा-वीस माणसे जमलेली. त्याला हेच हवे होते. या जातीच्या प्रत्येक कार्ब्युरेटरवर एक गोल घुमट असतो. दिगंबरने ते रोज घासून चांदीसारखे केले होते. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेली एक म्हातारी पुढे आली. सोमवार होता, आणि महादेवाला वाहायला तिच्या ओच्यात बेल होता. तिने त्या दोन घुमटांकडे टक लावून पाहिले आणि हात जोडले.

"दोन-दोन पिंडी घेऊन फिरायलाव व्हय बाबा? लय पुण्यवान हाव!"

दिगंबर एरवी कुणी मडगार्डला बोट लावले तरी खेकसतो. इथे तो नुसता फुलून गेला. म्हातारीने दोन्ही घुमटांवर एकेक बेलाचे पान वाहिले, आणि या गृहस्थाने स्वतःही नमस्कार करून अलगद बॉनेट लावले. मला हे फारच गोड वाटले. पुण्याला गेल्यावर सांगायला छान किस्सा, असे मी मनात म्हणालोसुद्धा.

पुढे काळ्या रानातून सरळ रस्ता जातो. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) आणि मधूनच एखादे कडुलिंबाचे झाड. चारेक किलोमीटर गेलो असू, गाडी आचके देऊ लागली. चढाला धाप, उताराला खोकला. शेवटी एका लिंबाखाली ती थरथरत उभी राहिली.

दिगंबरने अंगातला कोट काढला आणि डिकीतून इंग्रजी पुस्तक काढले. पहिल्या पानापासून त्याने सुरुवात केली. प्लग काढले, पुसले, लावले. मग घुमट उघडले, आतले दट्टे पाहिले, परत बसवले. एकही पान त्याने गाळले नाही. दर वेळी गाडी सुरू होई आणि पहिल्यापेक्षा वाईट चाले. "पाच मिनिटं," तो म्हणे. अशा पाच मिनिटांत दीड तास गेला.

साडेदहाच्या सुमारास मागून एसटी आली आणि आमच्याजवळ थांबली. कंडक्टर दारातून वाकला.

"कुठं जायचंय?"

"पालमला."

"मग या की. जागा हाय."

मी इस्त्रीच्या सदऱ्यात, फेटा बांधून उभा. आतली सगळी माणसे बघत होती. मी हसून हात हलवला. "नको, नको. आमची मोटार आहे."

कंडक्टरने मोटारीकडे पाहिले. "दिसायलीय की," म्हणाला आणि त्याने घंटी मारली.

पुढे तासाभराने सोपान मिस्त्री आला. विहिरीवरची इंजिने दुरुस्त करणारा माणूस, सायकलला पान्यांची पिशवी. त्याने काही विचारले नाही. गाडी चालू करायला लावली, पिशवीतून हातभर रबरी नळी काढली, एक टोक कानात घातले आणि दुसरे आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरले.

"हे एका नाकानंच दम घ्यायलंय, साहेब. दुसरं नाक चोंदलंय."

दिगंबर म्हणाला, "पुस्तकात सगळ्या तपासण्या दिल्यात. मी सगळ्या केल्या."

"बुक ऱ्हाऊ द्या. आत बघितलं का?"

गाडी बंद करून मिस्त्रीने मागच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात तार घातली, आणि आतून चिंब भिजलेले, तिन्ही दळे शाबूत असलेले बेलाचे पान बाहेर आले. घुमटावरून घसरून ते हवेबरोबर आत ओढले गेले होते; दुसरे वाटेतच कुठेतरी गळून पडले असावे. विलायतेत पुस्तक लिहिणाऱ्याला बेल माहीत नव्हता.

"म्हादेवाचा परसाद!" मिस्त्रीने ते कपाळाला लावून लिंबाच्या बुंध्याशी ठेवले. मग दिगंबरने बिघडवलेले सगळे तो नीट करत बसला. पुन्हा नळी कानात, थोडा हा स्क्रू, थोडा तो, दोन्हीकडचा सूं-सूं आवाज सारखा होईपर्यंत. गाडी लोण्यासारखी चालू लागली. बारा वाजून गेले होते.

गंगाखेडच्या पुलावरून गोदावरी दिसली. आटलेले पात्र, त्यात टरबुजांच्या वाड्या. दिगंबर इंजिनाचा आवाज ऐकत मिटक्या मारत होता. मी घड्याळ बघत होतो.

पालमला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. दुसरी पंगत बसली होती. मोटारीतून उतरताना मला पाहायला मांडवाच्या दारात कुणीही नव्हते.

"आलास व्हय रं?" बहीण म्हणाली. "तीनदा पुकारलं माइकवरून, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं म्हणून. मग शिवाप्पा उठले."

शिवाप्पा म्हणजे समोरचे किराणा दुकानदार. सुमन लहानपणापासून त्यांच्या दुकानात गूळ मागून खाई. त्यांनी तिचा हात धरला, पाठीशी उभे राहिले, डोळे पुसले. सगळे रीतसर झाले. "जा, जेवून घे आदी," बहीण म्हणाली. मी गार वरण आणि बुंदी खाल्ली.

पाठवणीच्या वेळी सुमन शिवाप्पांच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्या पाया पडली. तिच्या सासूने विचारले, "हे कोण पाव्हणे?"

"हे बी मामाच हायत," सुमन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिगंबरला एकट्यालाच मोटार न्यायला सांगून मी एसटीत बसलो. तो ‘बी’ काही डोक्यातून जाईना. मराठवाड्यातल्या या ‘बी’ला आम्ही पुण्यात हसतो. ती माझ्यावर रागावली असती, दोन शब्द तोडून बोलली असती, तर मी दिगंबरला, पुस्तकाला, बेलाच्या पानाला दोष देत सुखाने घरी आलो असतो. पण सुमन रागावलेली नव्हती. माझ्यावाचून तिचे काहीच अडले नव्हते.