घासून लख्ख केलेला पाइप

अमडापुरात नारायणरावांचं बियाणं-खताचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत, काचेच्या कपाटात, त्यांचा तंबाखू ओढायच्या विलायती पाइपांचा संसार. माणूस जन्मात विडीला शिवला नाही, पण ब्रायर नावाच्या झुडपाच्या मुळातून हातानं कोरलेला इंग्लंडचा पाइप दिसला की जीव खालीवर. बुलढाण्याच्या एखाद्या जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, की हे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात हात घालून हजर. मग चांदीच्या कड्यावरचा छाप भिंगातून वाचायचा आणि भेटेल त्याला ऐकवायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईंचं, मत होतं.

बाईंचं खरं भांडण उष्ट्याचं. "कोन्या कोन्या साहेबाच्या तोंडातलं घरात आणता, लाज कशी वाटत नाही?" म्हणून प्रत्येक पाइप आधी न्हाणीपाशी जायचा. आतली काजळी खरवडायची, स्पिरिटानं पुसायचं, तोंडात धरायच्या काळ्या दांड्याला पॉलिश पेपर मारायचा, वरून मेण. कारागिरानं आज सकाळीच हातावेगळा केला असं वाटलं, तरच त्याला कपाटात जागा.

गावातल्या अब्दुल गनीच्या घरचा पाइप त्यांनी कैक वर्षं हेरून ठेवला होता. गनीच्या आईचे वडील बुलढाण्याला एका इंग्रजाचे खानसामा. साहेब मायदेशी जाताना पाइप देऊन गेला, आणि म्हाताऱ्यानं तो मरेपर्यंत ओढला. नारायणरावांनी तो विकत मागून पाहिला होता. गनी नुसता हसायचा.

मग कपाशीच्या बीटी बियाण्याच्या टंचाईचं साल आलं. एकाच वाणावर सगळ्यांच्या उड्या. लोक पहाटे येऊन दुकानासमोर आपापली चप्पल रांगेत ठेवून नंबर लावत. गनीचा नंबर लागला तेव्हा माल संपलेला होता. म्हणजे पुढचा संपलेला होता. ठेवणीतली पाकिटं मागे पाइपांच्या कपाटाखालीच होती. नारायणराव गनीच्या कानाशी लागले.

"पाकिटं देतो ना बाप्पा. पण त्या पाइपाचं काही पाह्य."

अडला हरी! संध्याकाळी गनी पाइप घेऊन आला, पाकिटांचे पैसे देऊन गेला, आणि एवढ्या वेळात त्यानं एकदाही मान वर केली नाही. नारायणरावांनी ते पाहिलं. पण पाइप हातात होता, त्यामुळे ते फार वेळ टोचलं नाही.

पुढे पावसानं दडी मारली, कपाशीवर लाल्या आला, पानं लालभडक होऊन झडली. नारायणरावांच्या दुकानात शिव्यांचा बाजार भरला. गनी तेवढा आला नाही. दिवाळीनंतर आला, तो वेगळ्याच कामाला.

"भाऊ, अम्मीची नजर गेली. रोज म्हणते, अब्बाचा पाइप हाती दे. मी तिले सांगतलं का तुमच्याकडं दुरुस्तीले देल्ला. घडीभर देता का?"

"चाल, मीच येतो," नारायणराव म्हणाले. थोडं पुण्य आणि थोडी मिरवायची हौस. वाटेत त्यांनी रुमालानं पाइप आणखी एकदा चमकावला.

गनीची आई अजीजुन्निसा ओसरीत खाटेवर बसली होती. तिनं ओढणीला हात पुसले, दोन्ही हातांनी पाइप घेतला, आणि अंगठा थेट दांड्याच्या टोकाशी नेला. अंगठा तिथं फिरला, मागे गेला, पुन्हा फिरला. मग तिनं पाइपाची वाटी नाकाशी धरली.

"हा आमचा नोहे," ती म्हणाली. "अब्बाचा एक दात पुढं होता. त्यानं तेथं खड्डा पडला होता. लहानपणी त्याच्यात बोट ठेवूनच मी निजो. अन् याले तं वासच नाही."

तो खड्डा सपाट करायला नारायणरावांनी दुपारभर घासलं होतं, आणि झाल्यावर सत्यभामाबाईंना हाक मारून कौतुकानं दाखवलंही होतं. हाच तो, मीच घासला, एवढंच बोलायचं होतं. ते रुमालाची घडी घालू लागले. गनीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि काय झालं ते तो समजला. आता तो तोंड सोडेल म्हणून नारायणराव खाली बघत राहिले.

"हाव अम्मी," गनी हळूच म्हणाला, "चुकून दुसऱ्याचा आला वाटते. बदलून आणतो."

त्यानं चारचौघांत आईमाईचा उद्धार केला असता, तर नारायणरावांनी तो खुशाल ऐकून घेतला असता. हे झाकून घेणं मात्र त्यांना सोसवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीनं, आपला हात लागला म्हणून, ओढणीच्या पदरानं तो पाइप पुसला. चाचपडत नारायणरावांचा हात शोधला, पाइप त्यात ठेवला आणि त्यांची बोटं आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"जपून न्या, भाऊ. कोन्या बिचाऱ्याची अमानत असंल. त्याच्या घरचे वाट पाहून राह्यले असतीन."

"हाव," नारायणराव म्हणाले, आणि पाइप खिशात घालून घरी गेले.