पहिल्या कपातली कॉफी

पहिला घोट घेतला की मावशी डोळे मिटायची आणि टाळूला जीभ लावून 'टक्' असा बारीक आवाज काढायची. त्यानंतर जे सांगायची ते कॉलनीत कोणी खोडून काढायचं नाही. "आज दुधात पाणी जास्त शे." "ही तूरडाळ जुनी शे, गेल्या सालची." कोणी शंका काढलीच तर म्हणायची, "मनी जीभ खोटं बोलत नही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शिक्षण बेताचं, पण एका गोष्टीत त्यांचा शब्द शेवटचा.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुरतेत अमरोलीच्या पुढे, कोसाडकडच्या हाउसिंग कॉलनीत आम्ही शेजारी राहायचो. माझे वडील पोस्टात, मूळचे नगरचे. मावशीचा नवरा लूमच्या कारखान्यात, धुळ्याकडच्या एका खेड्यातला; दोघंही अहिराणीच्या वळणाने बोलायची, 'माझी'ला 'मनी', 'आहे'ला 'शे'. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे घरी यायचे, मावशी दिवसभर जमिनीवर बसून त्यांचे सुटे धागे कातरायची आणि टिकल्या चिकटवायची. ती माझ्या नात्यातली नव्हती, पण मी कॉलेजात असल्यापासून तिच्याकडे पडीक असायचो, कारण अख्ख्या कॉलनीत फक्त तिच्या घरी कॉफी मिळायची.

सुरत चहाचं गाव. तिथे हिला कॉफीचा नाद कुठून लागला? तर भुसावळहून. तिचे वडील रेल्वेत होते. क्वार्टरच्या शेजारी मद्रासकडचं कुटुंब होतं, त्यांच्या घरातल्या अम्माने हिला नऊ-दहा वर्षांची असताना कॉफी गाळायला शिकवलं. पुढे लग्न झालं, सासर चहावालं, गाव बदललं. कॉफी काही सुटली नाही.

आणि कॉफी तरी कोणती? 'राघू छाप'. हिरव्या कागदाची पुडी, त्यावर लाल चोचीचा पोपट. निम्मी कॉफी, निम्मी चिकोरी. दुकानातली सगळ्यात स्वस्त. नाक्यावरचा किराणावाला गुजराती होता, तो हसून म्हणायचा, "बेन, आ तो तमारा एकलां माटे मंगावुं छुं." म्हणजे फक्त तिच्यासाठी तो ती मागवायचा. मावशीलाही त्याचा अभिमान होता. मुंबईहून तिच्या बहिणीने एकदा काचेच्या बरणीतली भारी कॉफी आणली. मावशीने एक कप करून प्यायला, 'टक्' केलं आणि बरणी माझ्या आईला देऊन टाकली. "घ्या ताई, बरणी चांगली शे. लोणच्याले कामात येईल."

"आणि कॉफी?" आईने विचारलं.

"ती पण बरणीसारखीच शे. दिसाले चांगली."

धोतराच्या तुकड्याची गाळणी, पितळी पेला, दूध वेगळं तापवलेलं. मला तिने हे सगळं हाताला धरून शिकवलं. "वरून पाणी एकदम ओतू नको. तिले फुगू दे. घाई केली का ती चिडस." ती म्हणजे कॉफी.

कॉलनीत लग्न असलं की आचारी भाजीची वाटी आधी मावशीकडे पाठवायचा. मीठ कमी, तेल जळकं, गूळ जास्त, काय असेल ते ती सांगायची आणि तो मुकाट्याने दुरुस्त करायचा. काका, म्हणजे तिचा नवरा, फार कमी बोलायचे. पण एकदा म्हणाले होते, "घरात कोर्ट शे आमच्या. निकाल रोज लागतो."

बी.कॉम. झाल्यावर मला एका एजन्सीत नोकरी लागली. एका कंपनीची नवी, तयार विरघळणारी कॉफी सुरतेत खपवायची. तेव्हा रोज काहीतरी नवं बाजारात येत होतं, नव्या बरण्या, नव्या चवी, टीव्हीवर त्यांच्या जाहिराती. मी तात्पुरता होतो. शेठ म्हणायचा, माल उचलला गेला तर कायम करू.

माल उचलला जात नव्हता. मग कंपनीने एक युक्ती दिली. बायकांच्या कार्यक्रमात जायचं, एका कपात बाजारातली साधी कॉफी, दुसऱ्या कपात आपली. डोळे मिटून दोन्ही प्यायला लावायच्या आणि जास्त आवडली ती कोणती ते माइकवर विचारायचं. आपल्या कपात साखर आणि दूध थोडं सढळ हाताने. बहुतेक बायका गोड कप निवडायच्या. टाळ्या, एक बरणी बक्षीस, चार बरण्यांची विक्री. एवढी लबाडी सगळेच करतात, असं मी मनाला सांगून टाकलं होतं.

संक्रांतीनंतर मराठी बायकांचं मोठं हळदीकुंकू व्हायचं. त्या वर्षी कंपनीचा साहेब मुंबईहून मुद्दाम येणार होता. मला वाटलं, मावशीला स्टेजवर आणावं. तिची जीभ सगळ्यांना ठाऊक. तिने आमची कॉफी निवडली तर दुसऱ्या कोणाला विचारायची गरजच नाही.

ती आधी नको म्हणाली. "माइकसमोर माले बोलता येत नही रे भाऊ."

"मावशी, साहेब येणार आहे. माझं कायम व्हायचं त्याच्यावर आहे."

कात्री खाली ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "तुनी नोकरीना सवाल शे का? मग येसू." मग कात्री पुन्हा उचलून म्हणाली, "पण मी मनीच सांगेन हं. राघू."

"सांग की," मी हसत म्हणालो. ओळखू येईल तेव्हा ना, असं माझ्या मनात होतं.

त्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत राघू छाप मी स्वतः गाळली. का कोण जाणे, ती बिघडवावी असं मनात आलं नाही. हाताला सवयच नव्हती तशी. पाणी थोडं थोडं ओतलं, तिला फुगू दिलं.

मावशी निळी साडी नेसून आली होती. केसांत गजरा. स्टेजवर खुर्चीच्या कडेला बसली, डोळे मिटले. मी पहिला कप हातात दिला. एक घोट. मग दुसरा कप. एक घोट. माइक जवळ होता, तिचं 'टक्' सगळ्या हॉलला ऐकू गेलं आणि बायका हसल्या. प्रेमानेच हसल्या.

डोळे मिटलेलेच ठेवून ती शुद्ध मराठीत, शाळेत कविता म्हणावी तशी सावकाश म्हणाली, "पहिला कप चांगला आहे. पहिल्या कपात माझी राघू आहे. आणि ज्याने केलीय त्याने मन लावून केलीय. दुसरी नुसतीच गोड आहे."

पुढच्या रांगेत साहेब बसला होता. त्याला मराठी कळत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

कपात काय आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "मावशींनी पहिला कप निवडला आहे! आणि पहिल्या कपात आहे... आपली नवी कॉफी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी मागून ओरडलं, "मावशी, फसल्या की तुम्ही!" हॉल हसला. या वेळचं हसू वेगळं होतं.

मावशीने डोळे उघडले. मला वाटलं होतं ती भांडेल. ती भांडली असती तर फार बरं झालं असतं. तिने कपात वाकून पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं. "नवी शे ही?" हळूच विचारलं. माइक माझ्या हातात होता, त्यामुळे ते फक्त मला ऐकू आलं.

"हो मावशी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. बक्षिसाची बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि पायऱ्या उतरून खाली गेली.

माझी नोकरी कायम झाली. भरूचपासून वापीपर्यंतचा भाग मिळाला.

मावशी मला एका शब्दाने काही बोलली नाही. आईला मात्र म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी काय पीत होते कोणास ठाऊक. पोरगा कशाला खोटं बोलेल?" हे आईने मला जेवताना सांगितलं, हसत हसत. मी ताटातून मान वर केली नाही.

तिने राघू आणणं बंद केलं. मग किराणावाल्यानेही मागवणं सोडलं. ती सगळ्यांसारखा चहा प्यायला लागली आणि चहा पिताना डोळे मिटायची नाही. भाजीची वाटी घेऊन कोणी आलं तर म्हणायची, "दुसऱ्या कोणाले विचारा. माले काही समजत नही." सुरुवातीला लोकांना ती रुसली असं वाटलं, पुढे त्यांनी वाटी पाठवणंच सोडलं.

मी एव्हाना सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. पण कामाच्या निमित्ताने मी सकाळी लवकर निघायचो आणि तिच्या दारासमोरून जायचं टाळण्यासाठी मागच्या बोळाने जायचो. एकदा तिनेच बोळात गाठलं. "एवढा का वाळला रे? जेवत नही का?" असं म्हणून तिने माझ्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घातली.

पुढच्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या मुलीचं लग्न होतं. मांडव कॉलनीच्या मैदानात. जेवणात आमरस. आचारी जुना होता, त्याला जुनी सवय. तो वाटी घेऊन मावशीकडे आला. मी तिथेच पाटावर वाढपाच्या द्रोणांचा हिशेब लावत बसलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिने बोट बुडवून रस चाटला. कपाळावर आठी पडली. तिने पुन्हा चाटला.

"काय म्हणता, मावशी?" आचाऱ्याने विचारलं.

ती काही बोलणार होती. तिचं तोंड उघडलं होतं. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि ती खाली पाहत म्हणाली, "माले विचारू नका भाऊ. मनं काही खरं नही."

त्याने वाटी उचलली आणि रस वाढायला घेतला.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळेला अर्धं वऱ्हाड मैदानाच्या कडेला ओकत होतं. नवऱ्या मुलाच्या आजोबांना रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं, तीन दिवस सलाइन लागलं. वाचले, पण मुलीच्या बापाला त्या माणसांचे पाय धरावे लागले, सगळ्यांसमोर. मुलगी रडत गेली, ती सासरी जाताना मुली रडतात तशी नव्हे.

मावशी ओट्यावर बसून होती. येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होती. "माले वाटलं होतं. आंबट लागलं होतं, आंब्याचं नव्हे ते आंबट. पण म्हटलं, मनी जीभ आता काय कामाची? हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलं ना." लोक म्हणायचे, जाऊ दे मावशी, तुझी काय चूक. मी दहा पावलांवर उभा होतो. तिथून मी मागच्या बोळाने घरी गेलो.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, काका सायकलची चेन बसवत होते. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. पहिल्या कपात राघूच होती, हेही सांगितलं.

काकांनी चेन बसवली. पॅडल उलटं फिरवून पाहिलं. काळे हात चिंधीला पुसले, एकेक बोट करून. मला वाटलं, आता मारतील.

"तिले सांगायचं होतं ना मग," ते म्हणाले. "माले सांगून काय?"

"आता सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

"लग्नाच्या आधी सांगितलं असतं तर चाललं असतं." ते खाली बघत बोलत होते. "आता सांगशील, तर ती म्हणेल की मनी जीभ खरी होती आणि तरी मी बोलले नही. तो म्हातारा मेला असता तर? आज निदान तिले वाटतं, जीभ भरवशाची नव्हतीच, आंबट लागलं तो योगायोग. तेवढंच धरून ती झोपते." चिंधी बाजूला टाकून ते म्हणाले, "तुले हलकं व्हायचं शे. ते माले सांगून झालं. आता पुरे कर."

त्यांचं बरोबर होतं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. मी मात्र त्या दिवशी सुटकेचा श्वास सोडला, हे खरं आहे. सगळ्यात जास्त लाज मला त्या श्वासाची वाटते.

पुढच्या वर्षी काकांचा कारखाना बंद झाला आणि दोघं गावी जायला निघाली. टेम्पोत सामान चढवायला मी गेलो होतो. गाद्या, ट्रंक, शिवणाचं मशीन. सगळं भरून झाल्यावर मावशीने शेवटचा एकदा स्टो पेटवला आणि उभ्या उभ्या चहा केला. भांडी बांधली गेली होती, म्हणून शेजारणीचे तीन कप आणले होते. एक तिने मला दिला, एक काकांना. स्वतःचा कप हातात धरून ती थांबली.

"आधी तू पी," मला म्हणाली. "साखर बरोबर पडली का सांग. माले आता अंदाज येत नही."

मी घोट घेतला. काका टेम्पोच्या दोरीची गाठ पुन्हा पुन्हा ओढत होते.

"बरोबर आहे, मावशी," मी म्हणालो.

"बरोबर शे ना?" असं पुन्हा विचारून मगच तिने कप तोंडाला लावला.