दोन जावई, दोन कॅमेरे

माझी बायको तिघी बहिणींतली थोरली. मधलीचा नवरा, म्हणजे माझा साडू, कलबुर्गीत फोटोग्राफर आहे आणि मी हुमनाबादला, बसस्टँडमागच्या गल्लीत. दोन जावई एकाच धंद्यात असले की सासरवाडीला जाणं सोपं राहत नाही. सासऱ्यांच्या गावी, मादन हिप्परग्याला गेलं की आधी चहा येतो, मग चिवडा येतो, आणि मग कुणीतरी विचारतंच, "कलबुर्गीचे जावई लई मोठा कॅमेरा घेतलेत म्हणं की?" मी चिवड्यातले शेंगदाणे निवडत बसतो.

साडू या धंद्यात माझ्यामागून आला. लग्न झालं तेव्हा तो मोबाईल दुरुस्त करायचा. "अण्णा, मला बी फोटोचं शिकायचं हाय, कुठला कॅमेरा घ्यावं?" असं त्यानं मलाच विचारलं होतं. मीच त्याला एक वापरलेला, आत आरसा असलेला जुना कॅमेरा बघून दिला. तो बघता बघता फुल-फ्रेम मिररलेसवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर पोचला आणि मी तसल्याच आरशाच्या कॅमेऱ्यावर राहिलो, बटण दाबलं की खटाक् आवाज करणाऱ्या.

नवा कॅमेरा घेतल्यावर त्यानं तो पहिल्यांदा सासऱ्यांच्या अंगणात दाखवला. "हातात घेऊन तर बघा की अण्णा," म्हणाला. मी घेतला. समोर म्हैस बांधलेली होती. मी तिच्यावर रोखला आणि कॅमेऱ्यानं आपणहून तिचा डोळा शोधून त्यावर एक बारीक चौकोन धरला. म्हैस मान हलवत होती, चौकोन डोळा सोडत नव्हता. फोटो मोठा करून पाहिला तर पापणीचा केस न् केस वेगळा. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी कॅमेरा परत देत म्हटलं, "जड हाय."

"व्हय, जड हाय खरं," साडू म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं साधं होतं. तेच मला जास्त लागलं.

धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं आणि सासऱ्यांनी सांगितलं, "बाहेरचा फोटोवाला कामून? घरचे दोघं हायेत." त्या दिवशी मी ठरवलं की लग्नाआधी मिररलेस घ्यायचाच. मग महिनाभर जेवताना माझ्या एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. दोन मॉडेल माझ्या डोक्यात पक्के बसले होते. एक साडूकडं होता तोच मोठा. दुसरा त्याच कंपनीचा लहान, छोट्या सेन्सरचा. मोबाईलवरच्या व्हिडिओंत कुणी कानडीत तुलना करी, कुणी तेलुगूत, कुणी हिंदीत, आणि मी सगळ्यांचं ऐकायचो. बायको म्हणायची, "दोनच तर हायेत. एवढं काय बघायलाव?"

तिला काय सांगणार? कॅमेरे दोनच होते, पण माझ्या डोक्यात तिसरंच काही चाललं होतं. व्हिडिओतला माणूस म्हणे, अंधारात मोठा चांगला, की मला साडूचा चेहरा दिसायचा. लहानसुद्धा वाईट नाही, असं म्हणाला की त्यातलं 'सुद्धा' मला टोचायचं.

कलबुर्गीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, रिळाच्या काळापासून मला ओळखणारा. त्यानं दोन्ही कॅमेरे काचेवर शेजारी शेजारी मांडले. मोठ्याची पकड भरदार, चारी बोटं नीट बसत होती. लहानाला धरलं की करंगळी खाली लोंबायची. मोठ्यात दोन मेमरी कार्डं बसायची, म्हणजे एक खराब झालं तरी लग्न वाचलं. लहानात एकच. उलट लहानाचा मागचा पडदा बाहेर काढून हवा तसा फिरवता यायचा आणि लेन्ससकट तो मोठ्याच्या निम्म्या वजनाचा. डोळा दोन्ही धरत होते, सारखाच.

"तुमचं काम कसलं?" दुकानदारानं विचारलं.

"लग्नं, बारसी, जावळं. गाडीवर बॅग टाकून खेड्यात जातो. एकटाच असतो."

"मग हा लहान घेऊन जावा. हा दाखवायचा पीस हाय, लग्न उरकून परत आणा. मोठा तर तुमच्या साडूकडंच हाय की. एका मांडवात दोन्ही चालवून बघा, मग बोलू."

म्हणजे त्यालाही माहीत होतं साडूकडं कुठला कॅमेरा आहे. साडूनं तो तिथूनच घेतला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद झाली. अंगणात ऊन होतं आणि अशा उजेडात माझा लहान कॅमेरा झकास चालला. पडदा फिरवून मी जमिनीलगत बसलो, हळदीच्या ताटाजवळून वर बघत फोटो घेतले. बायकांच्या घोळक्यात तो कुणाच्या डोळ्यावर येत नव्हता. साडू मात्र मोठा कॅमेरा घेऊन उभा राहिला की सगळ्या पदर सावरून समोर बघायच्या. मला मनातून बरं वाटलं. पण तेवढ्यात मेव्हणी म्हणाली, "भावजी, माझा एक मोठ्या कॅमेऱ्यात काढा ना, मागचं सगळं धूसर येतंय तसला." ते भावजी मी नव्हतो.

अक्षतेच्या आधी मी साडूजवळ गेलो. मांडवात मागं चमकत्या दिव्यांची भिंत लावलेली, समोर नवरानवरी, बाजूला लग्न लावणारे स्वामी. हाच प्रसंग अल्बमचं पहिलं पान होणार होता. मी म्हटलं, "जरा बदलू का? तुझा माझ्याकडं दे. मला घ्यायच्या आधी बघायचाय."

तो कुरकुरला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं गळ्यातला पट्टा काढून सरळ माझ्या गळ्यात घातला. "घ्या की अण्णा. तुम्ही थोरले, स्टेजवर तुम्हीच ऱ्हावा. मी मागून घेतो." आणि माझा लहान कॅमेरा मुठीत धरून तो गर्दीत शिरला.

मी स्टेजवर उभा. गळ्यात तो जड कॅमेरा, समोर सासरवाडीचं सगळं गाव. खोटं कशाला सांगू, मान ताठ झाली होती माझी. स्वामींचे मंत्र संपत आले, बाजा चढला आणि अक्षता उडाल्या. मी बटण दाबत राहिलो. आवाज येत नव्हता, मला वाटलं, भारी कॅमेऱ्याचं असंच असेल. मग पडद्यावर पाहिलं तर नवरानवरीच्या अंगावर आडव्या काळ्या पट्ट्या. पहिल्या फोटोत, दुसऱ्यात, सगळ्यांत. साडूनं तो बिनआवाजी ठेवलेला होता आणि तसल्या दिव्यांपुढं बिनआवाजी चालवलं की पट्ट्या येतात. हे मी व्हिडिओत चारदा ऐकलं होतं. पण ते बदलायचं कुठून, ते मला सापडेना. मेनूत शिरलो की एका पानातून दुसरं पान. वरून अक्षता माझ्याच डोक्यावर पडत होत्या. सापडलं तोवर लोक एकमेकांना पेढे भरवत होते.

बायको स्टेजखालून विचारत होती, "अप्पा कुठं गेले? फोटोत अप्पा न्हाईत!"

तिचे अप्पा, आमचे सासरे, त्या वेळी मांडवात नव्हतेच. ऐन वेळी आचाऱ्याकडचा गॅस संपला म्हणून ते मागं गेले होते, हे सगळ्यांना नंतर कळलं. सासूबाई चिडल्या. पोरीच्या अक्षतेला बाप नाही म्हणून पाहुण्यांतही कुजबुज झाली. सासरे हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली उचलून पंगतीत वाढायला गेले.

मी नवरानवरीला पुन्हा उभं करून अक्षता टाकायला लावल्या आणि वेळ निभावली. पट्ट्यांचं कुणाला सांगितलं नाही. साडूला तेवढं म्हटलं, "आवाज बंद ठेवतोस होय रे?" त्यानं जीभ चावली. "अय्यो, सांगायचं इसरलो अण्णा. चूक माझी." तीही त्यानंच घेतली.

चार दिवसांनी दुपारी दुकानात मी दोघांचे फोटो संगणकावर एकत्र टाकले. बायको निवडायला बसली; अल्बमची निवड नेहमी तीच करते. मी शेजारी बसून दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो ताडून बघत होतो. मोठ्यातले रंग गालावर मऊ उतरले होते, अंधाऱ्या कोपऱ्यातही रव्यासारखे दाणे नव्हते. लहानातले मांडवातले फोटो जरा खरखरीत, पण अल्बमच्या पानावर ते कुणाला दिसणार नव्हतं. एकेक फोटो मोठा करून मी मनाशी गुण देत होतो. बायकोचा माउस एकदम थांबला.

पडद्यावर सासरे होते. मांडवाच्या मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या शेगडीपाशी, एकटे. मांडवाचं कापड त्यांच्यापुढं भिंतीसारखं ताणलेलं. हुग्गीच्या पातेल्याची वाफ त्यांच्या कमरेपर्यंत आलेली. बाजा वाजला तेव्हा पुढं पळून पोचणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी खिशातल्या अक्षता तिथूनच, कापडावरून पलीकडं, पोरीच्या दिशेनं फेकल्या होत्या. हात वर, बोटं उघडलेली, दाणे हवेत. टोपी मागं सरकलेली. फोटोसाठी उभं केलं की हा माणूस खांबासारखा होतो. इथं त्यांचं तोंड लहान पोरासारखं उघडं होतं.

बायकोनं पदरानं डोळे पुसले.

"ह्यो कुणी काढला?"

माझ्या तोंडातून निघालं, "लहान कॅमेऱ्यातला हाय. मी आणला होता ना, त्यातला."

"कॅमेऱ्याचं न्हाई इचारायले मी," ती म्हणाली. "कुणी काढला?"

"तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं."

तिनं लगेच फोन उचलला. आधी बहिणीला, मग आईला. पलीकडून रडणं ऐकू येत होतं. सासूबाई विचारत होत्या, "तिथनं टाकल्या व्हय त्यांनी अक्षता? आन मी किती बोलले त्यांना." मी खुर्चीवरून उठून दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिलो. रस्त्यावर लॉरीवाले जेवायला थांबले होते. मी त्यांच्याकडं बघत होतो आणि मला समजत होतं की महिनाभर मी ज्यावर जळत होतो ती गोष्ट चुकीची होती. त्या कॅमेऱ्यावर जळणं सोपं होतं. तो दुकानात काचेवर ठेवलेला असतो, आज ना उद्या घेता येतो. माझा कॅमेरा हातात घेऊन, बाजा वाजत असताना, सगळं गाव पुढं बघत असताना हा माणूस मागं का गेला? त्याला मागं जावंसं का वाटलं? हे कुठल्या दुकानात विचारू?

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीला गेलो. दुकानदारानं पुन्हा दोन्ही मांडले. "बोला. कुठला जमला?"

मला काय जमतं ते मला आता नीट माहीत होतं. मी गाडीवर फिरतो, माझा उजवा खांदा दुखतो. एकटाच असतो म्हणून हलकं पाहिजे. माझी गिऱ्हाइकं अल्बम आणि स्टेटस मागतात, भिंतीएवढे फोटो मागत नाहीत. दुसऱ्या कार्डाची उणीव होती, ती जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर उतरवून भागवता आली असती. सगळं लहानाच्या बाजूनं होतं. तरी मी मोठ्यावर बोट ठेवलं.

"ह्यो कामून?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी उत्तर शोधलं. अंधाराचं म्हणालो तर तो म्हणाला, तुम्ही फ्लॅश लावताच की. पकडीचं म्हणालो तर त्यानं लहानाला खाली लावायचा एक तुकडा काढून दाखवला, करंगळी बरोबर बसली. तिसरं कारण तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. मी मोठा परत सरकवला आणि लहान बांधून घेतला.

संध्याकाळी साडूचा फोन आला. "अण्णा, लहान घेतलाव म्हणं? लई बेस केलाव. त्या दिवशी धरला तवा मला बी लई आवडला बघा. इतका हलका, कुणाला कळतच न्हाई आपण काढायलोय ते. मी बी जोडीला एक घेतो."

आणि पुढच्या हंगामाआधी त्यानं घेतलाही. आता त्याच्याकडं दोन्ही आहेत.

माझं काम पूर्वीपेक्षा चांगलं चाललंय, हे मात्र खरं. खांदा दुखायचा थांबला. खेड्यातली लहान पोरं आता माझ्याकडं बघून गप्प होत नाहीत. लोक म्हणतात, फोटो सुधारले. बायकोही म्हणते. ती बोलली की मी तिच्या तोंडाकडं बघतो, तिला आणखी कुणाबद्दल काही म्हणायचंय का ते.

गेल्या नागपंचमीला आम्ही मादन हिप्परग्याला गेलो. तो फोटो मोठा करून सोप्यात लावलाय. आल्यागेल्याला सासरे स्वतः दाखवतात, "आमच्या मधल्या जावयानं काढलाय." पाहुणे गेल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, टोपी नीट केली आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बी काढा की माझा एक."

मी त्यांना ओट्यावर बसवलं. उजेड बाजूनं येत होता. कॅमेऱ्यानं डोळा धरला. मी थांबलो, त्यांना शेताचं विचारलं, तुरीचं विचारलं, ते हात सोडून बोलतील याची वाट पाहिली. ते प्रत्येक उत्तर कॅमेऱ्याकडं बघून, ताठ बसून देत होते. शेवटी मी बटण दाबलं. त्यांनी पडद्यावर फोटो बराच वेळ पाहिला. "झकास," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

फोटो स्वच्छ आला होता. मिशीचा केस न् केस दिसत होता.

"ह्यो बी लावू भिंतीला," सासरे म्हणाले.

"नको मामा," मी म्हटलं. "एकच बरा दिसतोय."