शाफ्टच्या सहा कडा

"आधी पाना लावून बघा, मग बोला."

"पाना कशाला लावू? चौतीस वर्षं इंजिनं उघडतोय मी. हा जुनाच शाफ्ट आहे."

"नवा आहे. कडा टोचतायत माझ्या बोटांना."

"तुझ्या बोटांना! तू कधीपासून मेकॅनिक झालीस गं?"

घरामागच्या शेडमध्ये नवरा-बायको समोरासमोर उभे होते आणि मधल्या टेबलावर इंजिनातला तेलाचा पंप फिरवणारा, पेन्सिलीएवढा जाड, वीतभर लांब सहाकोनी शाफ्ट पडला होता. ती सकाळी टेबल पुसायला आली होती. जुना म्हणून बाजूला ठेवलेला शाफ्ट भंगाराच्या डब्यात टाकायला उचलला आणि तिथेच थबकली. गेल्या आठवड्यात लेकीच्या गाडीतून काढलेला शाफ्ट तिनेच रॉकेलमध्ये धुतला होता. त्याचं एक टोक चोखलेल्या गोळीसारखं गुळगुळीत झालं होतं. या शाफ्टची दोन्ही टोकं धारदार होती.

हा नवा असेल, तर झिजलेला शाफ्ट गाडीत होता. आणि गाडीत लेक नि जावई होते. जावयाची बदली झाली होती. दोघं नऊ वाजता निघाली, आता अकरा वाजत आले होते. घाट लागला असणार.

मास्तरांनी शाफ्ट उचलला, अंगठा फिरवला. गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणत, कारण बॉनेट उघडलं की गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. "गुळगुळीत तर आहे," ते म्हणाले.

एवढी धार आणि यांना गुळगुळीत लागतेय?

तिने खिळ्यावरचा आठचा पाना काढून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो शाफ्टच्या एका टोकाला घातला, हलवून पाहिला. मग दुसऱ्या टोकाला. पाना तसूभरही डुलला नाही. मास्तरांनी पाना टेबलावर ठेवला.

"फोन लाव."

लेकीचा फोन लागेना. जावयाचाही नाही. फोनमधली बाई तेच तेच सांगत होती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला, जणू घट्ट धरला तर लागेल.

"काल चालू केल्याबरोबर तेलाचा दिवा विझला होता," मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तेल थंड होतं. पकडलं असेल कसंबसं. आता गरम इंजिन, चढ... घसरला की पंप बंद. पंप बंद की तेल बंद. चार मिनिटं. इंजिन जाम होतं. उतारावर झालं, तर ब्रेकही दगडासारखा होतो."

"पुरे!"

"असं झालंच कसं? माझी पद्धत ठरलेली. बसवायचं ते उजवीकडे, टाकायचं ते डावीकडे."

ती पद्धत तिला पाठ होती. नवा पार्टसुद्धा आंघोळ घातल्याशिवाय मास्तर इंजिनात जाऊ देत नसत. मग धुतलेलं सगळं वर्तमानपत्रावर मांडून ठेवायचे. काल त्यांनी इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खोलून ठेवलं होतं, पंप खाली घेतला होता, आता शाफ्ट वर सरकवायचा आणि पंपाचे दोन बोल्ट आवळायचे, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात ती जेवणाचं ताट घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती. म्हणून तिने...

"कागद मी फिरवला," ती म्हणाली. "ताट ठेवायला. उजवीकडचं डावीकडे गेलं असणार. आत्ता लक्षात येतंय."

मास्तरांनी वर पाहिलं. ती ओरडा खायला तयार होती.

दारात वन्सं उभ्या होत्या. मास्तरांची ही थोरली बहीण घरातल्या प्रत्येक भांडणाला वेळेवर हजर असे. "वहिनी, तुला जागा नसेल तर हातात धरून उभं राहायचं ताट. आता पोरीचं काय?"

"ताई, तू गप्प बस," मास्तर म्हणाले. "कागद हिने फिरवला. शाफ्ट माझ्या हातात होता ना? बोटाला कळायला हवं होतं."

"तुला कशाचं कळतंय! उकळत्या चहाचा पेला धरून बसतोस. हात म्हणजे गेंड्याची कातडी."

"कातडी नाही." ते शाफ्टकडे बघत होते. "बधिर झालीत बोटांची टोकं. दीड-दोन वर्षं झाली. साखरेमुळे असेल. नट चढतो ते सवयीने."

दीड-दोन वर्षं. त्या काळात या शेडमधून किती गाड्या बाहेर पडल्या, ते ती मनात आठवू लागली आणि फोन लागला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, आई! रेंजच नव्हती—"

"गाडी कुठे आहे? दिवा लागला का? तो लाल, तेलाचा?"

"दोनदा लुकलुकला मघाशी. आता तर लागूनच राहिलाय. हे म्हणाले, बाबांनी कालच केलंय ना, मग दिव्याचंच काहीतरी असेल."

मास्तरांनी फोन हिसकावून घेतला. "जावईबापूंना सांग, इंजिन बंद करा. आत्ता. कडेला घ्या."

"बाबा, वळण आहे—"

"वळणाच्या आत घे. बंद कर!"

पलीकडे ब्रेकचा, दगडांवर चाकं जाण्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिला वाटलं, हे असंच लांबत जाणार.

"बंद केलं," लेक म्हणाली. "शेवटी टक्‌टक्‌ वाजत होतं बाबा, आतून."

"थोडंच वाजलं?"

"एक-दोन मिनिटं."

मास्तरांनी डोळे मिटले. "वाचलं असेल. पुन्हा चावी लावायची नाही, कुणी काही म्हटलं तरी. गाडीतून उतरून लांब सावलीत बसा. झिजलेला शाफ्ट बसवलाय मी."

"तुम्ही?" लेकीने इतक्या अविश्वासाने विचारलं की वन्संनीही मान फिरवली.

"मी. येतोय मी."

त्यांनी फोन ठेवला. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या ट्रकवाल्याला टोचनासाठी, गाडी ओढून आणायला बोलावलं. नवा शाफ्ट फडक्यात गुंडाळला आणि खिशात न ठेवता बायकोच्या हातात दिला. ती घ्यायला तयार नव्हती.

"अहो, मला कशाला?"

वन्सं एव्हाना आत गेल्या होत्या. मास्तर स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि गिऱ्हाइकाला कामाची तारीख सांगावी तशा आवाजात म्हणाले, "गाडी संध्याकाळपर्यंत इथे येईल. शाफ्ट ही बसवणार. मी शेजारी उभा राहून सांगेन, पण हात हिचा. यापुढे या शेडमध्ये असंच चालेल. ताई, आजपासून स्वयंपाक तू बघायचास."