हेलिकॉप्टरने आणलेली वाळू

डोंगरात कोणतं खनिज आहे ते ओढ्याच्या वाळूत कळतं. गडब गावाच्या मागच्या ओढ्यातली वाळू आम्ही दोन तऱ्हेने आणली होती. साहेबांनी हेलिकॉप्टर उतरवून पिशवी भरली. मी तोच ओढा पायी चढून, वरच्या अंगाला. त्यांच्या वाळूत शिसं भरपूर, माझ्या वाळूत नावालाही नाही.

"बाई, तुम्ही ओढ्यात उतरलाच नाहीत. कुठल्यातरी शेतातली माती भरलीत," साहेब चारचौघांत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "चला, आत्ताच्या आत्ता तुमची जागा दाखवा."

आम्ही जीपने ओढ्यावर गेलो. हेलिकॉप्टरला उतरायला मोकळी जागा लागते, आणि त्या ओढ्याकाठी तशी एकच होती. साहेबांनी तीच दाखवली. मी चाळणी पाण्यात घातली. दुसऱ्याच खेपेला प्लास्टरची रंगवलेली सोंड वर आली. अख्खा गाव तिथेच गणपती विसर्जन करतो.

मी ती कपाळाला लावली, मग साहेबांसमोर धरली. "हे तुमचं शिसं. याची खाण डोंगरात नाही साहेब, हमरापूरच्या मूर्तिकारांच्या रंगाच्या डब्यात आहे."